वाचवणाऱ्यांनी आणलेली बुरशी

मायोर्का म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना दोन गोष्टी आठवतात. एक राफेल नदाल, कारण तो तिथल्या मानाकोर गावचा. दुसरी म्हणजे कुणाच्या तरी हनीमूनचे निळ्याशार समुद्राचे फोटो. मला हल्ली तिसरीच गोष्ट आठवते. जेमतेम चार सेंटिमीटरचा एक बेडूक. आज त्याच्याबद्दल लिहायचंय. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा त्याला वाचवायला निघालेल्या माणसांबद्दल जास्त. कारण या माणसांनी त्याला वाचवलं, आणि वाचवता वाचवताच त्याच्या घरात एक रोगही नेऊन सोडला. त्यानंतर ते जसं वागले, ते मला पहिल्या दोन्हींपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

आधी बेडकाची ओळख. त्याचं तिथलं नाव फेरेरेट. कातालान भाषेत 'फेरेर' म्हणजे लोहार, आणि फेरेरेट म्हणजे छोटा लोहार. रात्री तो ओरडतो तेव्हा ऐरणीवर कुणीतरी बारीकशी हातोडी मारतंय असं वाटतं, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव अलायटिस म्युलेटेन्सिस. इंग्रजीत त्याला मायोर्काचा मिडवाइफ टोड म्हणतात, मिडवाइफ म्हणजे आपली सुईण. (शास्त्रीयदृष्ट्या हा खरा टोड नाही, वेगळ्याच कुळातला आहे, पण नाव पडलं ते पडलं.)

आता सुईण म्हटली तरी हे काम करतो नर. मादी अंड्यांची माळ घालते आणि मोकळी होते. नर ती माळ स्वतःच्या मागच्या पायांना गुंडाळून घेतो आणि काही आठवडे तसाच हिंडतो. अंडी फुटायला आली की पाण्याच्या कडेला जाऊन पिल्लांना पाण्यात सोडतो. एका माळेत अंडी किती? दहा-बारा. आपल्याकडच्या अंगणातल्या टोडची मादी एका वेळी हजारोंनी अंडी घालते, त्यातली नऊशे नव्व्याण्णव मेली तरी चालतं असा तो हिशोब. फेरेरेटचा हिशोब उलटा आहे. थोडी अंडी, मोठी अंडी, आणि बापाचं लक्ष. असा लक्ष देणारा बाप मिळावा म्हणून माद्या आपापसात भांडतातही, याची रीतसर नोंद आहे :) आणि टॅडपोल? ते वाढत वाढत सात सेंटिमीटरच्या वर जातात, म्हणजे आईबापांपेक्षा मोठे होतात आणि मग बेडूक होताना परत लहान होतात.

राहतो कुठे? मायोर्काच्या वायव्य बाजूला सेरा दे त्रामुंताना नावाची डोंगररांग आहे, चौदाशे मीटरच्या वर जाणारी. (२०११ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं, पण ते तिथल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतीसाठी आणि दगडी बांधांसाठी, बेडकासाठी नव्हे.) सगळा चुनखडीचा दगड. पावसाच्या पाण्याने त्यात अरुंद, खोल घळी कापल्यात आणि घळींच्या तळाशी दगडात खळगे झालेत. निघोजचे रांजणखळगे ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल. दगडाची जात वेगळी, बाकी करामत पाण्याचीच. उन्हाळ्यात प्रवाह आटतो, पण काही खळग्यांत पाणी टिकतं. त्या पाण्यात टॅडपोल, आणि बाजूच्या फटींत चपट्या अंगाचे आईबाप.

हे वाचून वाटतं, वा, काय जागा निवडलीये. पण ती त्याने निवडलेली नाही! जीवाश्म सांगतात की पूर्वी तो बेटावर बराच सर्वदूर पसरलेला होता. घळी म्हणजे त्याचं मूळ गाव नाही, उरलेला गड आहे. एक एक किल्ला पडत गेल्यावर शेवटी हातात राहिलेला.

पडझड कशी झाली ते थोडक्यात. सुमारे ५३ लाख वर्षांपूर्वी, आटत आलेला भूमध्य समुद्र पुन्हा भरला आणि मायोर्का कायमचं तुटलं. माणूस तिथे पोचला तो अगदी अलीकडे, साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी. मधल्या सगळ्या काळात बेटावर मायोट्रॅगस नावाचा शेळीसारखा बुटका प्राणी होता, एक मोठी चिचुंद्री होती, एक मोठा उंदरासारखा डॉरमाउस होता. माणूस आल्यावर हे तिन्ही संपले. फेरेरेट तगला. मग, बहुधा रोमन काळात म्हणजे दोनेक हजार वर्षांपूर्वी, माणसांबरोबर एक पाणसाप आला. तो पाण्यात शिरून टॅडपोल खातो. शिवाय बाहेरून आणलेला एक मोठा हिरवा बेडूक. या दोघांना उभ्या कड्यांच्या घळींत वरपर्यंत शिरणं अवघड, म्हणून फेरेरेट तेवढ्याच ठिकाणी उरला. बस्स.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. टॅडपोल असलेल्या पाण्यात या सापाचा नुसता वास आला तरी टॅडपोलच्या शेपटीचा आकार बदलतो, ती लांबट आणि जास्त स्नायूंची होते. पळायला बरं. २००४ साली हे प्रयोगासकट प्रसिद्ध झालं. ५३ लाख वर्षं ज्याने हा साप पाहिला नव्हता, त्याने दोन हजार वर्षांत त्याच्यासाठी पॅच लिहिला. आम्हाला एका पॅचसाठी तीन अप्रूव्हल लागतात. असो.

आता शोधाची कथा. बेडकाचं नाव म्युलेटेन्सिस पडलं ते म्युलेटा नावाच्या गुहेवरून. तिथे मिळालेल्या हाडांवरून सांचिझ आणि अद्रोवेर या दोघांनी १९७० च्या दशकाच्या शेवटी त्याचं वर्णन केलं. म्हणजे हा प्राणी शास्त्राच्या वहीत आला तोच मुळी 'मेलेला' म्हणून. आणि त्याच सुमारास, १९८० च्या आसपास, डोंगरातल्या घळीत जिवंत टॅडपोल सापडले. १९८१ साली मायोल आणि अल्कोवेर यांनी हा प्राणी अजून जिवंत असल्याचा लेख छापला. मृत्यूचा दाखला निघाल्यावर माणूस दारात उभा, तसं.

दारात उभा राहिला खरा, पण अवस्था वाईट. मोजक्या घळी, मोजके खळगे. मग १९८० च्या दशकाच्या मध्यात ठरलं की थोडे प्राणी बाहेर न्यायचे, सुरक्षित जागी वाढवायचे आणि परत आणून सोडायचे. सुरक्षित जागा म्हणजे इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावरचं प्राणिसंग्रहालय, जेराल्ड ड्यूरेलने १९५९ साली काढलेलं. (हा ड्यूरेल १९२५ साली आपल्या जमशेदपूरला जन्मला. त्याच्या संस्थेचं बोधचिन्ह डोडो होतं, म्हणजे 'पुढचा नंबर कुणाचा' हे रोज फाटकावर वाचायची सोय.) प्राणिसंग्रहालय हे लोकांना जनावरं दाखवायला नाही, तर संपत आलेल्या जाती वाढवून परत रानात पाठवायला असावं, हे त्याचं आयुष्यभराचं म्हणणं. फेरेरेट या म्हणण्यासाठी अगदी योग्य गिऱ्हाईक होतं. लहान आकार, कमी जागा, बाप स्वतःच पिल्लं सांभाळतो. पैदास छान झाली. १९८९ पासून जर्सीत जन्मलेले प्राणी मायोर्कात सोडायला सुरुवात झाली. जुन्या घळींत सोडले, साप नसलेल्या नव्या जागी सोडले. आज फेरेरेट जिथे जिथे आहे त्यातल्या बऱ्याच जागा या पुनर्वसनातूनच उभ्या राहिल्यात. २००४ साली धोक्यात असलेल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत त्याला सगळ्यात गंभीर वर्गातून काढून 'असुरक्षित' या खालच्या वर्गात घातलं गेलं. या यादीत जवळजवळ सगळे वर सरकत असताना एक उभयचर खाली आला! सगळीकडे यशोगाथा म्हणून नाव झालं.

इथे थांबलो असतो तर हा लेख 'माणूस मनात आणेल तर काय करू शकत नाही' टाइपचा झाला असता. ऑफिसच्या मेलमध्ये फॉरवर्ड करण्यासारखा.

पण मग बुरशी सापडली.

या बुरशीचं नाव मोठं आहे, आपण कायट्रिड म्हणू. ती बेडकांच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून पाणी आणि क्षार आत-बाहेर करतो. कातडी बिघडली की रक्तातले क्षार बिघडतात आणि शेवटी हृदय बंद पडतं. टॅडपोलला मात्र ती लगेच मारत नाही. कारण बुरशीला लागतं केराटिन, आणि टॅडपोलच्या अंगात ते फक्त तोंडाच्या भागात असतं. म्हणजे टॅडपोल बुरशी घेऊन मजेत पोहत राहतो, आणि शेपूट जाऊन पाय आले, नवी कातडी तयार झाली की मरतो. पाण्यात टॅडपोल महिनोन्महिने असल्यामुळे बुरशीचा साठाही तेवढाच टिकून. २०१९ साली जगभरचा हिशोब मांडला गेला तेव्हा या रोगामुळे किमान ५०१ जाती घटल्या आणि त्यातल्या ९० बहुधा संपल्या असं निघालं. एका रोगाने एवढ्या जातींचा जीव घेतल्याचं दुसरं उदाहरण नोंदीत नाही.

मायोर्कात हा रोग आला कसा? बेट, उंच डोंगर, अरुंद घळी. उडून येणार नाही, चालत येणार नाही. २००८ साली वॉकर आणि सहकाऱ्यांनी 'करंट बायॉलॉजी'मध्ये याचं उत्तर छापलं. संसर्ग पुनर्वसन कार्यक्रमाशी जोडलेल्या घळींत होता. बुरशीचे जनुकीय ठसे एकमेकांशी जुळत होते. आणि माग काढत काढत तो पोचला जर्सीला, तिथे ठेवलेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका बेडकापाशी. केप टाउनच्या आसपासचा झेनोपस गिली. तोही बिचारा संकटग्रस्तच! म्हणजे दोन खंडांतले दोन अडचणीतले पाहुणे एका छपराखाली आले, एकाने दुसऱ्याला बुरशी दिली, आणि दुसरा बरा झाला असं समजून, १९९० च्या आसपास, आम्ही.. म्हणजे माणसांनी, त्याला त्याच्या गडावर नेऊन सोडलं. ज्या कड्यांवरून साप चढू शकला नाही, त्यावर बुरशी चढली ती माणसाच्या पाठीवर बसून.

आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्ट एन्व्हायर्नमेंटमधला व्हायरस हॉटफिक्सबरोबर प्रॉडक्शनला गेला. आणि प्रॉडक्शनचा बॅकअप नाही, कारण प्रॉडक्शन म्हणजे जगातली ती एकमेव डोंगररांग.

यावर दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. पहिली : बघा, म्हणून निसर्गाच्या भानगडीत पडू नये, तो आपलं बघून घेतो. दुसरी : जर्सीवाल्यांचा निष्काळजीपणा, दुसरं काय. मला दोन्ही पटत नाहीत.

पहिलीबद्दल. निसर्ग आपलं बघून घेतो हे ५३ लाख वर्षं खरं होतं. ज्या दिवशी कुणाच्या तरी जहाजातून साप उतरला त्या दिवसापासून ते खरं राहिलं नाही. घळीत अडकलेला फेरेरेट ही 'निसर्गाची स्थिती' नाहीच, ती माणसाच्या आधीच्या ढवळाढवळीची उरलेली बाकी आहे. आता हात बांधून बसणं म्हणजे तटस्थ राहणं नव्हे, सापाच्या बाजूने मत देणं आहे. आणि बुरशीचा हिशोब धरूनही कार्यक्रम फायद्यातच आहे. लागण झालेल्या घळी थोड्या, उभ्या राहिलेल्या नव्या जागा कितीतरी जास्त. त्यात नशिबाचाही भाग आहे, तो लपवायला नको. मायोर्कात गेलेला बुरशीचा वाण हा जगभर हाहाकार माजवणाऱ्या वाणापेक्षा सौम्य निघाला आणि सगळ्या घळींत त्याचा परिणाम सारखा झाला नाही. तो दुसरा वाण गेला असता तर हा लेख मी भूतकाळात लिहिला असता.

दुसरीबद्दल. ही बुरशी बेडकांना मारते हे जगाला कळलं १९९८ साली. तिला नाव मिळालं १९९९ साली. प्राणी सोडले त्याच्या कितीतरी आधी. जी गोष्ट अस्तित्वात आहे हेच माहीत नाही तिची टेस्ट कुठून आणणार? तेव्हा 'चेक का नाही केलं' हा प्रश्न चुकीचा आहे. बरोबर प्रश्न वेगळा आहे आणि जास्त टोचणारा आहे : दोन खंडांतले प्राणी इतके जवळ ठेवायची गरजच काय होती? वेगळी खोली, वेगळं पाणी, वेगळी जाळी, वेगळे बूट, हे करायला शत्रूचं नाव माहीत असावं लागत नाही. २०२० साली आपण सगळ्यांनी हे शिकून घेतलंय. आधी अंतर ठेवलं, विषाणूचे बारकावे नंतर कळत गेले. वेगळं ठेवणं हे ज्ञानावर नाही, अज्ञानावरचं औषध आहे. त्या काळी हे सर्वमान्य नव्हतं हे कबूल. पण आज परत सोडायच्या प्राण्यांसाठी वेगळ्या, बंद खोल्या असाव्यात असं जे आग्रहाने सांगितलं जातं, त्यामागे मायोर्काची ही फजिती मोठी आहे.

मला खरं कौतुक वाटतं ते २००८ च्या त्या लेखाचं. त्याच्या लेखकांच्या यादीत या बेडकाच्या संवर्धनाशी स्वतः जोडलेली माणसंही आहेत. म्हणजे बाहेरच्या कुणी पकडून दिलं असं नाही. ज्यांची यशोगाथा होती त्यांनीच, ती यशोगाथा ताजी असताना, पुरावे गोळा करून जगाला सांगितलं की रोग आमच्या कार्यक्रमातून गेला. शीर्षकातच, बाहेरून आलेले रोग संवर्धनाच्या कार्यक्रमांनाच धोका ठरतात असं म्हटलं, लपवाछपवी नाही. हे लिहिताना मला आमच्या क्षेत्रातल्या रूट कॉज मीटिंगा आठवतात. मी अशा बऱ्याच मीटिंगांना बसलोय. दीड तासाच्या शेवटी कारण निघतं ते 'नेटवर्क इश्यू' किंवा 'थर्ड पार्टी'. तो थर्ड पार्टीवाला दुसऱ्या गावात त्याच्या मीटिंगमध्ये आपलं नाव घेत असतो. आणि इथे बेडकाची बाजू घेऊन कुणी भांडायलाही येणार नव्हतं! लपवलं असतं तर कुणाला पत्ता लागला नसता, निदान बरीच वर्षं.

पण कबुली देऊन मोकळं होणंही सोपं असतं. त्यांनी पुढे जे केलं ते खरं काम. माद्रिदच्या नैसर्गिक विज्ञान संग्रहालयातला हाइमे बोश आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घळी साफ करायच्या ठरवल्या. जगात तोपर्यंत रानातून ही बुरशी कुणी हटवली नव्हती. बाधित असलेले एकूण पाच खळगे. त्यांनी टॅडपोल पकडून बाहेर काढले आणि त्यांना इट्राकोनॅझोलच्या पाण्यात रोज बुडवलं. हो, तेच इट्राकोनॅझोल, जे आपल्याकडे गजकर्णासाठी त्वचेचे डॉक्टर लिहून देतात. टॅडपोल साफ झाले. परत सोडले. आणि बुरशी परत आली, पहिल्याइतकीच.

ज्याने कधी बाधित सर्व्हरवरचा नुसता डेटा साफ करून तोच सर्व्हर परत चालू केलेला पाहिलाय, त्याला हे वेगळं समजवायला नको. बुरशी नुसती टॅडपोलमध्ये नव्हती, बहुधा जागेतही होती. मग पुढच्या खेपेला त्यांनी टॅडपोलना औषध दिलंच, आणि ते बाहेर असताना रिकाम्या खळग्यांवर, आजूबाजूच्या दगडांवर, फटींवर विरकॉन-एस मारलं. पोल्ट्रीवाले शेड धुवायला वापरतात ते जंतुनाशक. जागतिक वारशाच्या डोंगरात उतरून दगड न् दगड धुणारी शास्त्रज्ञ मंडळी, जरा डोळ्यांसमोर आणा. एकूण पाच वर्षं हा उद्योग चालला. २०१५ साली निकाल छापला : पाच खळग्यांपैकी चार साफ, आणि दोन वर्षांनंतरही साफच.

पाचवा नाही झाला. हे त्यांनी लेखाच्या सारांशातच लिहिलंय, तळटीपेत नाही. आमच्या स्टेटस रिपोर्टमध्ये हेच 'ऐंशी टक्के पूर्ण, स्टेटस हिरवा' असं गेलं असतं आणि पाचव्या खळग्यावर 'फेज टू' अशी पाटी लागली असती.

आता याला आक्षेप आहे आणि तो साधासुधा नाही. पोल्ट्रीचं जंतुनाशक खळग्यात मारलं की फक्त बुरशी मरते का? अर्थातच नाही. त्या पाण्यातले किडे, शेवाळ, आणि ज्यांना कुणी नावही दिलेलं नाही असे बारीक जीव, त्यांचं काय? एका बेडकासाठी बाकीच्यांना धुऊन काढायचा अधिकार कुणी दिला? मला वाटतं या ठिकाणी ते समर्थनीय होतं, पण फक्त या ठिकाणी. खळगे मोजके, एकमेकांपासून तुटलेले. त्या पाण्यात राहणारा उभयचर एकच. वरून पावसाळी प्रवाह येऊन सगळं पुन्हा भरणार. आणि मुख्य म्हणजे घाण करणारा आणि धुणारा एकाच बाजूचा. एवढ्या सगळ्या अटी एका वेळी जगात फार कमी ठिकाणी जुळतील.

आपल्याकडे तर जुळणारच नाहीत. आणि म्हणून मला ही लांबची गोष्ट जवळची वाटते. २०१३ साली पुण्याच्या संशोधकांनी उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांत याच कायट्रिडची नोंद केली. तिथे सापडलेला वाण आशियातला स्थानिक आहे, बेडूक पटापट मेले असंही काही दिसलं नाही, त्यामुळे लगेच छाती बडवायचं कारण नाही. कदाचित इथले बेडूक आणि इथली बुरशी फार जुने शेजारी असतील. पण मायोर्काने दाखवलेला धोका तो नाहीच. धोका हा की एका ठिकाणचा, तिथे सगळ्यांनी पचवलेला वाण, दुसऱ्या ठिकाणी जातो. केपमधली बुरशी बेटावर, बेटावरचं कुठे कुठे.. आणि सह्याद्रीत एका पावसाळी डबक्यात एक नाही, चार-चार जातींचे बेडूक असतात. औषध द्यायला टॅडपोल गोळा करणार कुठून आणि धुणार काय काय, अख्खा घाट?

आंबोलीचंच घ्या. २००९ साली तिथल्या जांभ्याच्या सड्यांवरच्या एका टोडचं नवीन जात म्हणून वर्णन झालं, झॅन्थोफ्रायनी टायग्रिना, आपण आंबोली टोड म्हणतो. बेट नाही, पण बेटासारखंच. तेवढा सडा, तेवढी पावसाच्या सुरुवातीची उथळ डबकी, आणि जगात जवळपास दुसरीकडे कुठे नाही. जागतिक यादीत तो सगळ्यात गंभीर वर्गात आहे, म्हणजे फेरेरेट जिथून बाहेर पडला तिथे. आणि पावसाळ्यातल्या प्रत्येक शनिवार-रविवारी आंबोलीत कोण असतं? आपणच. धबधब्याखालची गर्दी सोडून द्या, ती निदान डांबरी रस्त्यावर असते. मी बोलतोय ते रात्री टॉर्च घेऊन सड्यावर जाणाऱ्या, बेडकांवर खरोखर प्रेम करणाऱ्या मंडळींबद्दल. गेल्या आठवड्यात भंडारदऱ्याच्या चिखलात घातलेले बूट या आठवड्यात तसेच ओले, डिकीतून थेट आंबोलीच्या डबक्यात. एक बेडूक तळहातावर घेतला, फोटो काढला, ठेवला, मग त्याच हाताने दुसरा. नीट बघितलं तर ही जर्सीचीच रचना आहे : वेगवेगळ्या ठिकाणचे जीव, मध्ये एकच माणूस, आणि त्याच्या मनात बेडकाबद्दल फक्त चांगलंच.

मायोर्कातल्या काही घळींत उतरायला आता परवानगी लागते. आपल्याकडे परवान्याची वाट बघण्यात अर्थ नाही, आला तर तो पावती फाडायलाच येणार. पण ही बुरशी एका बाबतीत दुबळी आहे, तिला कोरडं सहन होत नाही. त्यामुळे ट्रेकवरून आल्यावर बुटांचा चिखल ब्रशने घासून काढायचा, धुवायचे आणि पूर्ण खडखडीत वाळू द्यायचे. पावसाळ्यात पुण्यात बूट वाळायला चार दिवस लागतात हे मला माहीत आहे, लागोपाठचे दोन वीकेंड असतील तर दुसरा जोड ठेवा. ग्रुप घेऊन जाणाऱ्या लीडरनी पाणी आणि टॉर्चच्या यादीत 'कोरडे, स्वच्छ बूट' ही एक ओळ वाढवायला हरकत नाही. आणि बेडूक हातात न घेताही त्याचा फोटो येतो, झूम त्यासाठीच असतो :)